घणाच्या आधी दोन सेकंद

४ तारीख, शनिवार

आज घणवाल्यापुढे नऊ वेळा उभा राहिलो आणि नऊही वेळा हरलो. माझी चारही बटणे मात्र नऊही वेळा शाबूत.

ही वही मी लिफ्टच्या नोंदवहीसारखीच ठेवणार आहे, म्हणून आधी यंत्राची माहिती. खेळ संगणकावरचा. दहा जण आपापल्या घरून, कानाला हेडफोन लावून, शनिवार-रविवार चार ते सहा. मी गटाचा टँक. राक्षसाच्या तोंडासमोर उभे राहून सगळ्यांच्या वाटणीचा मार एकट्याने खातो तो टँक. सात जण राक्षसाला मारतात. दोन हीलर जखमा भरतात, एक त्या सातांच्या आणि एक फक्त माझ्या. माझी हीलर म्हणजे माझी सूनबाई. मुलगा जहाजावर असतो, सहा महिन्यांनी येतो. ती पलीकडच्या खोलीत बसून खेळते, मी इथे.

घणवाला हा आमचा सध्याचा राक्षस. साधे फटके तो सारखे मारतोच, पण दर चाळीस सेकंदांनी तो घण डोक्यावर नेतो, तीन सेकंद थांबतो आणि खाली आणतो. २६ तारखेच्या रविवारी तो खेळातून कायमचा जाणार आहे. त्याच्याआधी तो पडला नाही, तर पाडलेल्या राक्षसांच्या आमच्या गटाच्या पाटीवर त्याची जागा कोरीच राहील.

आता माझी चार बटणे. लोहत्वचा, ढालभिंत, दुसरा श्वास आणि शेवटची तटबंदी. ही जीव वाचवायची साधने आहेत. एकदा दाबली की दोन मिनिटांपासून दहा मिनिटांपर्यंत परत चालत नाहीत. बरेच टँक ती उठसूट दाबतात. मी नाही. लिफ्टच्या पिंजऱ्याखाली दोन जबडे असतात, दोर तुटला तर रूळ पकडण्यासाठी. माझ्या हाताखाली आजवर एकशे बारा लिफ्ट झाल्या, त्यांतल्या एकीचेही जबडे खऱ्या कामाला लागलेले नाहीत. न वापरलेली सुरक्षा ही चांगल्या मेकॅनिकची खूण. हे मला कुठल्या कॉलेजाने शिकवलेले नाही. मी कॉलेजात गेलेलोच नाही.

हरण्याचे कारण उघड आहे. सहाव्या घणाच्या सुमारास सूनबाईचे मंत्रबळ संपते. मग मी पडतो, आणि मी पडलो की सगळेच पडतात.

५ तारीख, रविवार

सात वेळा. निकाल कालचाच.

खेळ झाल्यावर चहा घेताना सूनबाईने विचारले, "बाबा, ती तुमची लाल बटणं असतात ना चार, ती नेमकी कशासाठी हो?"

मी तिला सविस्तर सांगितले, जबड्यांचे उदाहरण देऊन, कागदावर आकृती काढून. वीस-पंचवीस मिनिटे तरी लागली असतील. तिने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "म्हणजे घण येतोय असं आधीच दिसत असेल, तरी नाही दाबायची?"

"दिसत असेल तर घाबरायचं कारणच काय?" मी म्हणालो.

"हो, तेही आहेच," ती म्हणाली.

मुलीला शिकायची आवड आहे. रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, तिथे असे कोणी समजावून सांगत नसणार.

तिच्या उजव्या मनगटाला पट्टी होती. बादली उचलताना लचक भरली म्हणाली. बादली किती लिटरची, ते विचारायचे राहिले.

८ तारीख, बुधवार

आमच्या गटाच्या कप्तानाचा फोन. हा गृहस्थ चष्म्याच्या दुकानात नंबर काढतो, बोलतोही तसाच, हे दिसतंय का, आता दिसतंय का, करत करत. म्हणाला, "काका, जरा नाजूक आहे. मंत्रबळ सहाव्या घणाला संपतंय. एक दुसरा हीलर मिळतोय. पण तुमच्या घरचा प्रश्न, म्हणून आधी तुम्हाला विचारतो."

मी म्हणालो, "घरची म्हणून सूट नको. सुटा भाग झिजला तर बदलावाच लागतो. यंत्र कोणाच्या नात्यावर चालत नाही."

"मग मी त्यांना तसं सांगू?"

"जसंच्या तसं सांगा."

निर्णय कठीण होता, पण घेतला. माझ्या जागी दुसरा असता तर नात्यात अडकला असता.

९ तारीख, गुरुवार

सूनबाईला कप्तानाने कळवले. तिने खिलाडूपणे घेतले. जेवताना नेहमीसारखी वाढत होती, फक्त बोलत नव्हती. मला आमटी दोनदा वाढली, पण माझ्याकडे बघितले नाही.

ही (माझी बायको) मात्र भांडी आदळत होती. काय झाले विचारले, तर म्हणाली, "मला काय होतंय? मी काय कुठला सुटा भाग आहे?"

हा शब्द हिच्यापर्यंत कसा पोचला कळले नाही.

११ तारीख, शनिवार

नवा हीलर आला. बसमध्ये कंडक्टर आहे. आवाज असा की हेडफोन कानापासून चार बोटे लांब धरावा लागला.

पहिली लढाई. पहिलाच घण. मी मेलो. चाळीस सेकंद.

मला वाटले त्याचे लक्ष नव्हते. दुसऱ्यांदा उभे राहिलो, पुन्हा चाळीस सेकंद. तिसऱ्यांदा एकेचाळीस.

"ओ ढालवाले," कंडक्टर म्हणाला, "तुमची बटणं गंजलीत का?"

मी म्हणालो, "ती अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवलेली असतात."

"मग आत्ता काय चाललं होतं, सहल?"

कोणीतरी हसले. मी आवाज ओळखला आहे, पण नोंदवत नाही.

एकूण अकरा वेळा मेलो. सर्वांत जास्त टिकलो ते एक मिनिट वीस सेकंद. नवा हीलर कच्चा आहे, हे स्पष्ट आहे.

१२ तारीख, रविवार

आज कंडक्टरच्या कटकटीला कंटाळून बटणे दाबली. घण वर गेलेला दिसताच चारही एकदम. पहिला घण अंगावर पिसासारखा पडला. दुसऱ्या घणाला एकही बटण चालेना आणि मी सपाट.

कंडक्टर म्हणाला, "चारही छत्र्या एकदम उघडल्यात होय! पाऊस दिवसभर आहे काका. एक उघडायची, ती फाटेपर्यंत दुसरी बगलेत."

मी म्हणालो, "मग सूनबाई असताना मी सहा घण टिकत होतो ते कसे? बटण न दाबता?"

कप्तान खाकरला. मग कंडक्टर नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाला, "ते मला नका विचारू. लढाईची नोंद असते ना, सेकंदासेकंदाची? ती वाचा. तुम्ही वाचणारे दिसताय."

१४ तारीख, मंगळवार

कामावर सात मजली इमारतीत लिफ्ट मजल्याच्या दोन इंच खाली थांबत होती. ब्रेकचे पॅड झिजलेले. पॅड बदलले, आणि वर-खाली तपासताना एक गोष्ट डोक्यात आली. ती मी स्वतः शोधलेली आहे, कोणी सांगितलेली नाही.

जबडे एकदाही लागू नयेत, हे बरोबर. पण ब्रेक प्रत्येक मजल्यावर लागतो. लागलाच पाहिजे. त्याला कोणी घाबरटपणा म्हणत नाही. माझ्या चार बटणांतले फार तर एक जबडा आहे, शेवटची तटबंदी. बाकीची तीन सरळसरळ ब्रेक आहेत. मी ब्रेकला जबडा समजून चाललो होतो.

मग प्रश्न असा की इतके दिवस लिफ्ट मजल्यावर थांबवत कोण होते?

१५ तारीख, बुधवार

अर्धी रजा टाकली. खेळ प्रत्येक लढाईची नोंद आपोआप ठेवतो. सूनबाई असतानाच्या चौसष्ट लढायांच्या नोंदी काढल्या, आणि फूटपट्टी ठेवून ओळीओळीने वाचल्या.

तिच्याकडे एक छोटे कवच आहे. दुसऱ्याच्या अंगावर टाकायचे, जेमतेम तीन सेकंद टिकते आणि मंत्रबळ भयंकर खाते. लवकर टाकले तर घण पडेपर्यंत विरते, उशिरा टाकले तर उपयोग नाही. हे कवच तिने माझ्यावर टाकलेले आहे, प्रत्येक लढाईत, प्रत्येक घणाला. घणाच्या आधी किती सेकंद, त्याचा मी तक्ता केला.

१.८, १.९, १.८, १.८, १.९, १.८.

तीनशे चौऱ्याऐंशी नोंदी. एक सोडता सगळ्या १.८ आणि १.९. ती एक २.६.

कवच टाकल्यावर मला भरून काढायला एका दमात सहा-सात मंत्र, शिवाय मधल्या प्रत्येक साध्या फटक्याला एक. त्यासाठी कळ किती वेळा दाबावी लागते, तेही मोजले. एका लढाईत तीनशेच्या वर. मनगटाची लचक बादलीची नव्हती.

मी तीस वर्षे यंत्रांत काढली. असा हात मी कोणाचा पाहिला नाही, माझाही नाही.

हिला विचारले, "तुला हे माहीत होतं?"

"मला खेळातलं काय कळतंय?" ही म्हणाली. "मला एवढं माहीत होतं की रविवारी संध्याकाळी ती हात गरम पाण्यात धरून बसायची. आणि तुम्ही बाहेर येऊन म्हणायचात, आज माझी चारही शाबूत."

"मग तिने सांगितलं का नाही?"

"सासऱ्याला? की तुम्हाला येत नाही म्हणून? आकृत्या काढून शिकवत होतात तुम्ही तिला!"

१६ तारीख, गुरुवार

बोलायला गेलो. ती कपडे घड्या करत होती. "बाबा, काही हवं का?" म्हणाली. मी म्हणालो, कात्री. तिने कात्री दिली. कात्री घेऊन परत आलो.

१८ तारीख, शनिवार

घणांचे वेळापत्रक केले. पहिला घण लोहत्वचा, दुसरा ढालभिंत, तिसरा दुसरा श्वास. चौथ्याला लोहत्वचा परत चालू झालेली असते. पाचवा शेवटची तटबंदी, ती एकदाच. सहावा श्वास, सातवा ढालभिंत, आठवा लोहत्वचा, नववा श्वास. नऊ घण निघतात. दहाव्याला काहीही शिल्लक नाही, पण कप्तानाच्या हिशेबाने घणवाला नवव्यानंतर लगेच पडायला हवा.

आज तसे केले. सहा घण बरोबर निघाले. कंडक्टर म्हणाला, "आता कसं! तिकीट काढून बसलात!" पण सातव्याच्या वेळी मी लोहत्वचाही दाबून टाकली, भीतीने. दोन छत्र्या. आठव्याला हात रिकामा.

१९ तारीख, रविवार

पुन्हा सात घण. घणवाल्याचे तीस टक्के उरले.

शेवटी कंडक्टर म्हणाला, "मंडळी, पुढचा आठवडा मला लांब पल्ल्याची ड्युटी लागलीय. शनिवार-रविवार दोन्ही गेले. आणि खरं सांगू का, माझ्याकडून हे व्हायचंही नाही. त्या पहिल्या बाईंची नोंद मीही वाचलीय. मी ओरडतो बरा. मंत्र त्या बाईंनी टाकावेत."

कप्तान मला म्हणाला, "काका, तुम्ही त्यांना विचाराल?"

मी म्हणालो, "काढताना तुम्ही कळवलंत ना?"

"तुमचं वाक्य कळवलं," तो म्हणाला. "जसंच्या तसं."

२१ तारीख, मंगळवार

तक्त्याची स्वच्छ प्रत काढली आणि सूनबाईच्या दारावर टकटक केली. लॅबमधून नुकतीच आली होती. कागद तिच्यापुढे ठेवला. माफी कशी मागायची याचे वाक्य तयार केले होते, पण तोंडातून भलतेच आले.

"सगळ्या एक पॉइंट आठ आणि नऊ आहेत," मी म्हणालो. "ही एक दोन पॉइंट सहा कशी?"

तिने कागद उचलला, बराच वेळ पाहिला. मग खांदे हलायला लागले. मला वाटले रडते आहे. हसत होती.

"आई चहा घेऊन आल्या होत्या तेव्हा," ती म्हणाली.

मी म्हणालो, "सुटा भाग मी तुला म्हणालो. ते चुकलं. झिजलेला भाग मी होतो."

"झिजलेला नाही बाबा. न वापरलेला." तिने कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "मला त्या गटात मजा यायची. दिवसभर लॅबमध्ये नळ्या, घरी आल्यावर स्वयंपाक, आणि हे जहाजावर. ते दोन तास माझे होते. ते तुम्ही एका फोनवर देऊन टाकलेत. मला विचारलंसुद्धा नाही."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो.

"परत येशील?"

"एका अटीवर. तिथे बटण मी सांगेन तेव्हा दाबायचं. सांगितलं की दाबायचं. 'त्याचं कारण असं आहे की' म्हणून सुरू करायचं नाही. मला तिथे सासरे नकोत, टँक पाहिजे."

"आणि माझं उत्तर काय?"

"'हो.' एवढंच."

मी सांगणार होतो की वेळापत्रक माझे आहे. सांगितले नाही. हो म्हणालो.

२३ तारीख, गुरुवार

सराव, जेवणाच्या टेबलावर. माझ्यापुढे चार बाटल्यांची झाकणे, तीच बटणे. सूनबाईच्या हातात घड्याळ. घणवाल्याचे काम हिला दिले. दर चाळीस सेकंदांनी पालथ्या पातेल्यावर पळी हाणायची. ही तर पहिल्यापासूनच इतक्या जोरात हाणू लागली की पातेल्याला पोचा आला.

"हळू," मी म्हणालो.

"राक्षस हळू मारतो का?" ही म्हणाली. "तीस वर्षांत आज पहिल्यांदा कामाचा खेळ सापडलाय मला."

सूनबाई दर वेळी पळी वर गेली की म्हणायची, "बाबा, जमलं तर लोहत्वचा लावा हं." जमलं तर म्हणेपर्यंत पातेले वाजायचे. तीनदा असे झाले. शेवटी हीच ओरडली, "अगं, 'हं' कसला लावतेस! भाजी जळत असती तर 'आई, जमलं तर गॅस बंद करा हं' म्हणाली असतीस का?"

चौथ्यांदा सूनबाई डोळे मिटून म्हणाली, "लोहत्वचा!"

झाकण उलटले. मग पातेले वाजले.

"हो," मी म्हणालो. उशिरा म्हणालो, पण म्हणालो.

२५ तारीख, शनिवार

सूनबाईचे गटात सगळ्यांनी स्वागत केले. मीही केले, भिंतीपलीकडून.

सहा लढाया. शेवटच्या दोन्हींत आठवा घण ओलांडला. तिला आता सहाव्या घणाला निम्मे मंत्रबळ उरते, कारण तिला कवच टाकावे लागत नाही. एकदा सातव्याला मी स्वतःच्या डोक्याने दोन बटणे दाबली.

"कोणी सांगितलं होतं?" ती म्हणाली.

"त्याचं कारण असं..."

"बाबा."

"हो."

गटातल्या सगळ्यांनी ऐकले. चालायचेच.

२६ तारीख, रविवार

शेवटचा दिवस. चार लढाया हरलो. पाचव्याला घड्याळात पावणेसहा झाले होते, म्हणजे एवढीच.

पहिले पाच घण तक्त्याप्रमाणे. सूनबाईचा आवाज लॅबमध्ये नळ्यांवरचे नंबर वाचावेत तसा सरळ येत होता. लोहत्वचा. हो. ढालभिंत. हो. श्वास. हो. सहाव्या घणाला मारणाऱ्यांतले दोघे चुकीच्या जागी उभे राहून मेले. म्हणजे घणवाला पडायला आता जास्त वेळ लागणार, हे मला तिथेच कळले. बोललो नाही. सातवा, आठवा. नववाही झाला. दहाव्याची वेळ आली तेव्हा त्याचे दोन टक्के शिल्लक होते आणि माझ्याकडे एकही बटण चालू नव्हते. लोहत्वचा यायला अजून चाळीस सेकंद होते.

घण वर गेला. तीन सेकंद.

मी म्हणालो, "माझं सगळं संपलं. कवच टाकतेस?"

तिच्याकडे एका कवचापुरते मंत्रबळ होते. ते माझ्यावर टाकले असते तर मी वाचलो असतो, आणि पुढच्या फटक्यांना भरून काढायला तिच्याकडे काहीच राहिले नसते. ते राखले असते तर मी पडल्यावर घणवाला ज्याच्याकडे वळेल त्याच्यावर टाकता आले असते. उरलेल्या पाच जणांना त्याला पाडायला तेवढे सेकंद पुरले असते. हे सगळे मी आता लिहिताना मांडतो आहे. तिने ते दीड सेकंदात मांडले.

"नाही," ती म्हणाली. "आता मरा."

"काय?"

"मरा, बाबा! आता!"

स्वयंपाकघरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि ही हातात चमचा घेऊन धावत माझ्या दारात आली. "काय झालं? काय म्हणाली ती?"

मी हिच्याकडे न बघता हेडफोनमध्ये म्हणालो, "हो." आणि ढाल खाली केली.

पडल्यावर खेळात आपल्याला फक्त छत दिसते. मी आजवर ते छत कधी नीट पाहिले नव्हते, मेल्यावर लगेच चडफडत पुन्हा उभे राहायची घाई असायची. दगडी आहे, कमानीत नऊ दगड आहेत, मधला थोडा पुढे आलेला. मी दगड मोजत पडून राहिलो. कानात पाच-सहा जणांचा आरडाओरडा, आणि त्यात तिचा आवाज. कप्तान मागे. कवच टाकलं. मारा. मारा. मारत राहा.

मग घण जमिनीवर पडल्याचा आवाज आला. नुसता घण. मागोमाग तो.

भिंतीपलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि सूनबाई पळत आली. दारात हिला धडकली. दोघी एकमेकींना धरून उभ्या.

"पडला?" मी विचारले. मला अजून छतच दिसत होते.

"पडला," ती म्हणाली.

"किती सेकंद लागले मी मेल्यावर?"

"नऊ."

मी नऊ लिहून घेतले. तिने मनगट चोळत माझ्या पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आता उठा."

"हो," मी म्हणालो, आणि उठलो.